‘क्लेमोर’ पहिल्यांदा पाहताय? कुठून सुरू करायचं, कुठे थांबायचं आणि मांगाचा कुठला खंड उचलायचा

‘क्लेमोर’ ही जपानी ॲनिमे (ॲनिमेशन) मालिका अर्धवट सोडणारे बहुतेक जण दोनच ठिकाणी गळतात. काही जण तिसऱ्या-चौथ्या भागात कंटाळतात, कारण सगळ्या बायका सारख्याच दिसतात आणि कोण कुणाला का मारतंय ते कळत नाही. उरलेले सव्वीस भाग नेटाने पूर्ण करतात आणि शेवट बघून म्हणतात, ‘हे काय, संपलं?’ दोन्ही अडचणी टाळता येतात. त्यासाठी सुरुवातीला थोडी तयारी हवी आणि ॲनिमेतून मूळ मांगाकडे, म्हणजे जपानी चित्रकथेकडे, नेमकं कधी वळायचं ते माहीत हवं.

आधी ओळख. नोरिहिरो यागी यांचा हा मांगा २००१ ते २०१४ असा तेरा वर्षं चालला. एकूण २७ खंड, १५५ प्रकरणं. मॅडहाउस स्टुडिओने त्यावर केलेली ॲनिमे मालिका ३ एप्रिल ते २५ सप्टेंबर २००७ या काळात जपानी दूरचित्रवाणीवर आली. तिचे २६ भाग आहेत आणि दिग्दर्शन हिरोयुकी तानाका यांचं. दुसरा सीझन नाही. तारखा नीट पाहिल्यात तर शेवटाचा घोळ इथेच उलगडतो: मालिका संपली तेव्हा मूळ कथा निम्म्यावरही आली नव्हती.

हाताशी काय काय हवं

- साधारण साडेदहा तास. २६ भाग, प्रत्येकी सुमारे २४ मिनिटं. सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं वगळलंत तर नऊ तासांत होतं.
- अंधारी खोली, निदान पडदे ओढलेले. मालिकेचा रंग राखाडी-तपकिरी आहे आणि बऱ्याच लढाया रात्री होतात. दुपारी गॅलरीत बसून मोबाइलवर पाहिलंत तर नुसत्या सावल्या दिसतील.
- हेडफोन. कारण तिसऱ्या पायरीत येईल.
- एक कागद आणि पेन. हसू नका, बाराव्या भागापर्यंत लागतोच.
- नंतरसाठी मांगाचे खंड १० ते २७. इंग्रजी आवृत्ती विझ मीडियाची आहे, छापील आणि डिजिटल दोन्ही.

आणि एक सूचना. ही मुलांबरोबर बसून बघायची मालिका नव्हे. माणसांची आतडी खाणारे राक्षस आहेत, हातपाय तुटतात आणि पाच ते आठ या भागांत लहान मुलीवर झालेल्या अत्याचाराचे आणि बायकांवरच्या लैंगिक हिंसेचे संदर्भ येतात. ‘कार्टून आहे’ म्हणून लावून दिलंत तर पहिल्या दहा मिनिटांत रिमोट शोधावा लागेल.

१. शोधताना नाव नीट टाका

क्लेमोर ही मुळात स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली दोन हातांनी पेलायची मोठी तलवार. तिथल्या गेलिक भाषेत त्या नावाचा अर्थच ‘मोठी तलवार’. त्याच नावाचा एक भूसुरुंगही आहे आणि अनेक व्हिडिओ गेममध्ये या नावाचं हत्यार असतं. म्हणून नुसतं ‘क्लेमोर’ शोधलंत तर भलतंच काहीतरी पुढ्यात येईल. सोबत ‘ॲनिमे २००७’ हे शब्द जोडा.

शोधातला खरा धोका पुढे आहे. पात्राचं नाव टाकून चित्रं शोधू नका. चाहत्यांच्या विश्वकोशात प्रत्येक पात्राच्या नावाखाली पहिल्याच चौकटीत ‘जिवंत की मृत’ लिहिलेलं असतं. व्हिडिओच्या मुखचित्रांवर तर मोठ्या लढायांचे निकालच छापलेले असतात. एखादं नाव विसरलात तर मागचा भाग उघडा, शोधयंत्र नको.

मालिका कुठे पाहायची? प्रक्षेपणाचे हक्क देशानुसार बदलतात आणि वर्षागणिक इकडून तिकडे जातात. त्यामुळे पैसे भरण्याआधी त्या सेवेत ‘भारत’ निवडलेला असताना मालिकेचं पान उघडतंय का आणि सगळे २६ भाग दिसतायत का, एवढं तपासा. फुकट्या साइटवरच्या प्रतींमध्ये सबटायटल अनेकदा दोन-तीन वेगवेगळ्या भाषांतरांतून जोडलेले असतात. एकाच बाईचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं सापडलं की आधीच डळमळणारी ओळख पार कोलमडते.

२. पाच नियम आधी समजून घ्या

मालिका हे नियम सांगते, पण घाईघाईत आणि तुकड्यातुकड्यांत. इथे सांगितल्याने कथेतली कुठलीही गाठ आधी सुटत नाही.

*योमा.* माणसाचं रूप घेऊन माणसांतच राहणारे नरभक्षक. ज्याला खातात त्याच्या आठवणीही घेतात, त्यामुळे घरच्यांनाही ताकास तूर लागत नाही. ‘राक्षस’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दहा तोंडं आणि गदा येते. तसं इथे नाही. शेजारी बसून जेवणारा माणूसच योमा असू शकतो. म्हणून हा शब्द भाषांतर न करता तसाच डोक्यात ठेवा.

*योद्ध्या आणि त्यांची संघटना.* योमाचं मांस शरीरात घालून तयार केलेल्या, अर्ध्या माणूस अर्ध्या योमा अशा स्त्रिया. केस फिके, डोळे रुपेरी. संघटनेला नाव नाही आणि या बायका स्वतःला क्लेमोर म्हणवत नाहीत. पाठीवरच्या तलवारीवरून लोकांनीच ते नाव पाडलंय. गाव पैसे देतं, संघटना बाई पाठवते. पैसे मात्र तिच्या हातात द्यायचे नसतात, काळ्या कपड्यांतला माणूस नंतर येऊन घेऊन जातो. पैसे बुडवले तर त्या गावात पुन्हा कुणी येत नाही. आणि एक नियम अजिबात मोडायचा नाही: माणूस मारायचा नाही. मोडला तर शिक्षा मृत्यूची.

*आकडे.* ४७ प्रदेश, ४७ योद्ध्या. १ सर्वांत वरची, ४७ सर्वांत खालची. हा क्रमांक कायमचा नसतो. वरची मेली की खालची वर सरकते, नवी आली की फेरमांडणी होते. नायिका क्लेअर ४७ व्या क्रमांकावर आहे. म्हणजे कथा तळातल्या बाईच्या नजरेतून सुरू होते.

*टक्के.* सगळ्यात महत्त्वाचा नियम हाच, कागदावर पहिला हाच लिहा. योद्धी अंगातली योमाची शक्ती, म्हणजे योकी, जितकी मोकळी सोडते तितकं शरीर बदलतं:

१० टक्के – डोळे सोनेरी, बाहुली मांजरासारखी उभी
३० टक्के – चेहरा विद्रूप
५० टक्के – अंग फुगतं, आकार बदलतो
८० टक्क्यांच्या पुढे – परत माणूस होता येत नाही

परत येता न आलेली योद्धी ‘जागृत’ होते, आणि ते जागृत रूप साध्या योमापेक्षा कितीतरी पटींनी भयंकर असतं. त्यामुळे इथली प्रत्येक लढाई दोन बाजूंनी चाललेली असते, समोरच्या शत्रूशी आणि स्वतःच्या टक्क्यांशी. हे लक्षात ठेवलंत की ‘ती सगळी ताकद का लावत नाही?’ हा प्रश्न पडायचा थांबतो. तलवारीच्या मुठीत दडवलेलं काळं कार्ड कशासाठी असतं ते दुसऱ्या भागात कळतं, इथे सांगत नाही.

*गोळी.* योकी दाबून टाकणारी एक गोळी असते. ती घेतली की डोळ्यांचा रुपेरी रंग जातो आणि दुसऱ्या योद्ध्यांना किंवा योमांना तुमचा माग लागत नाही. पण घेणारीलाही समोरच्याची योकी नीट जाणवत नाही. तिसऱ्या भागात राबोना या पवित्र नगरीत, जिथे क्लेमोरना बंदी आहे, क्लेअर ही गोळी घेऊन शिरते. तिथे ती इतकी चाचपडत का लढते याचं उत्तर या गोळीत आहे. गोळी लक्षात असू द्या. पुढे तिची आठवण काढावी लागेल.

३. बायका ओळखायला शिका

इथेच जास्तीत जास्त लोक हरतात. सगळ्यांचे केस फिके, चिलखत एकच, तलवार एकच. मालिकेने हे मुद्दाम केलंय, कारण संघटनेच्या लेखी त्या सगळ्या सारख्याच. बघणाऱ्याला मात्र नाकीनऊ येतात. चार खुणा धरा.

पहिली खूण, केस. क्लेअरचे खांद्याशी सरळ कापलेले. तेरेसाचे लांब आणि लाटांसारखे. ओफेलियाची एकच लांब वेणी. गालाटियाचे लांब सरळ. आयरीनचेही लांब सरळच, पण तिचे कान टोकदार आहेत, एकदा पाहिलेत की विसरणार नाही.

दुसरी, लढायची पद्धत. मिरिया इतक्या वेगाने सरकते की मागे तिची प्रतिमा उरते आणि शत्रू त्या प्रतिमेवरच वार करतो. जीन हात दोरीसारखा पिळून सोडते आणि तलवार गिरमिटासारखी फिरत जाते. ओफेलियाचं पातं पाण्यावरच्या तरंगासारखं वळवळतं. फ्लोराचा वार दिसतच नाही. उंदीनेचा तर प्रश्नच नाही, पहिलवानासारखं अंग आणि दोन हातांत दोन तलवारी.

तिसरी, चिन्ह. प्रत्येकीचं स्वतःचं एक चिन्ह असतं. ते गळ्याशी कपड्यावर आणि तलवारीच्या पात्यावर मुठीजवळ कोरलेलं असतं. क्रमांक अंगावर कुठेही लिहिलेला नसतो, त्यामुळे तो शोधत बसू नका. नवीन बाई आली की चित्र थांबवा आणि चिन्ह कागदावर उतरवा. शेजारी नाव, क्रमांक आणि एक शब्द लिहा. उदाहरणार्थ, ‘हेलन, २२, तोंडाळ’. ‘देनेवे, १५, घुमी’. ‘मिरिया, ६, विचार करते’. एवढं पुरतं.

चौथी खूण आवाज, आणि हेडफोन यासाठीच. पहिल्यांदा जपानी आवाजात, सबटायटल लावूनच पाहा. क्लेअरला होको कुवाशिमांचा, तेरेसाला रोमी पार्कांचा, मिरियाला किकुको इनोउएंचा आवाज आहे, आणि हे तिन्ही आवाज एकमेकांपासून स्पष्ट वेगळे आहेत. धुळीत सगळे चेहरे झाकले गेले तरी कोण बोलतंय ते ऐकू येतं. इंग्रजी डब वाईट नाही, पण तो दुसऱ्या फेरीला ठेवा.

४. भाग कसे वाटून घ्यायचे

रोज एक भाग असा रतीब लावू नका. कथा टप्प्यांची आहे, टप्पा संपल्यावरच उठा.

१ ते ४ एका बैठकीत. ही नमनाला घडाभर तेल वाटेल, पण वर सांगितलेले सगळे नियम याच तेलात आहेत. राकी नावाचा मुलगा फार रडतो अशी तक्रार सगळेच करतात आणि ती रास्त आहे. तरीही त्याचे प्रसंग वगळू नका. क्लेअर त्याला स्वयंपाकी म्हणून बरोबर घेते, तीही अशी बाई जी जेमतेम चार घास खाते. त्या विसंगतीकडे लक्ष ठेवा.

५ ते ८ एकाच रात्री, मध्ये न उठता. साधारण दीड तास लागेल. इथे कथा भूतकाळात जाते आणि ओळखीची क्लेअर दिसेनाशी होते. अनेकांना वाटतं की चुकीचा भाग लागला. नाही, बरोबर आहे. केंद्रस्थानी तेरेसा आहे, त्या काळातली पहिल्या क्रमांकाची योद्धी. लढताना तिच्या ओठांवर बारीकसं हसू असतं आणि डोळ्यांचा रंग बदलत नाही. आता टक्क्यांचा तक्ता आठवा: डोळे दहा टक्क्यांवर बदलतात. म्हणजे ती दहा टक्केही न वापरता समोरच्यांना कापत सुटलीय. ही एक गोष्ट ज्याला दिसली, त्याला हे चार भाग वेगळेच दिसतात. ‘क्लेमोर’ आवडेल की नाही याचा निकाल आठव्या भागानंतर लावा, तिसऱ्यानंतर नको.

९ ते ११ मध्ये चौघींचं पथक जागृत शत्रूच्या शिकारीला जातं. मिरिया, देनेवे, हेलन आणि क्लेअर. या चौघींची नावं इथेच पक्की करा, कारण त्या शेवटपर्यंत लागतात. दुखापतींचा हिशेबही इथे कळतो. बचावी प्रकृतीच्या योद्धीला तुटलेला अवयव पुन्हा फुटतो. आक्रमक प्रकृतीच्या योद्धीला तुटलेला अवयव जागेवर धरून जोडता येतो, नवा उगवत नाही. देनेवे पहिल्या गटातली, क्लेअर दुसऱ्या.

बाराव्यापासून ओफेलिया येते. रात्री एकट्याने बघू नये असं काही असेल तर ते हेच. त्यानंतर अठरापर्यंत पश्चिमेकडचा टप्पा आणि मग उत्तरेची मोहीम. उत्तरेला २४ जणी एकदम पडद्यावर येतात. तोवर कागद भरलेला नसेल तर इथे हाल होतील.

नकाशाबद्दल थोडं. मधला प्रदेश तुलूझ, पश्चिमेला लोट्रेक, उत्तरेला अल्फोन्स, दक्षिणेला मुखा. दोन-दोन नावं एकत्र वाचा, तुलूझ-लोट्रेक आणि अल्फोन्स मुखा हे पोस्टरांसाठी गाजलेले दोन चित्रकार समोर उभे राहतात. पूर्वेचा स्ताफ मात्र या जोड्यांत बसत नाही, आणि संघटनेचा तळ नेमका तिथेच आहे.

५. शेवटचे तीन भाग पाहा, पण खरे मानू नका

मांगा पुढे चालू होता आणि मालिका सप्टेंबरात संपवायची होती. म्हणून उत्तरेतल्या पिएता गावच्या लढाईत, शेवटच्या भागांमध्ये, मालिकेने स्वतःचा शेवट रचला. तिथे जी माणसं समोरासमोर येतात, ती मांगात त्या जागी पोहोचतच नाहीत. कोण जगतं आणि कोण मरतं, हेही जुळत नाही.

हे भाग टाळायचे का? टाळू नका, चित्रण आणि संगीत दोन्ही उत्तम आहेत. फक्त सव्वीसावा भाग संपल्यावर डोक्यातली पाटी पुसा. थेट मांगाच्या बाराव्या खंडावर उडी मारणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे, कारण तिथली पात्रं आणि तुम्हाला आठवणारा शेवट यांचा मेळ बसत नाही आणि मग वाटतं की मधला खंड हरवलाय.

६. मांगा दहाव्या खंडापासून उचला

दहाव्या खंडात प्रकरण ५२ ते ५७ आणि अकराव्यात ५८ ते ६३ आहेत. दहावा तुम्ही पाहिलेल्या लढाईतूनच जातो, आणि ही पुनरावृत्ती मुद्दाम करायची आहे. ओळखीचे प्रसंग वाचताना डोळा कृष्णधवल चित्रांना सरावतो. अकराव्यात वाट वेगळी होते. तिथून सावकाश वाचा, आणि ती गोळी आठवा.

वाचताना तीन गोष्टी अडतात.

मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. पान उजवीकडून, चौकट उजवीकडून, चौकटीतला संवादाचा फुगाही उजवीकडून. आधी प्रश्न आणि मग उत्तर असं येण्याऐवजी उलटं आलं की समजा, तुम्ही चुकीच्या बाजूने वाचताय.

दुसरं, रंग नाही. ॲनिमेत सोनेरी डोळे आणि योमाचं जांभळं रक्त बघून झटकन कळायचं, ते इथे नाही. बाहुलीचा आकार पाहा: गोल असेल तर शांत, उभी रेघ असेल तर दहा टक्के ओलांडलेत. चेहऱ्यावर शिरा तरारल्या की तीसकडे निघालीय. कागदावरची चिन्हं इथे पुन्हा कामाला येतात.

तिसरं, मोबाइल. यागी मोठ्या लढाया दोन पानांवर पसरून काढतात. उभ्या मोबाइलवर त्या चित्राचे दोन तुकडे होतात आणि वार कुठून आला, कुठे लागला ते कळत नाही. टॅब आडवा धरा, दोन पानं एकत्र दिसतील अशी सोय सुरू करा. पैसे जपून वापरायचे असतील तर दहा आणि अकरा हे दोन खंड आधी घ्या आणि बाकीचे सोळा नंतर ठरवा.

नावांचंही बघा. ॲनिमेचे सबटायटल आणि मांगाचं इंग्रजी भाषांतर वेगवेगळ्या लोकांनी केलंय. तलवारीच्या डावांची आणि सर्वांत बलाढ्य जागृतांच्या गटाची नावं थोडी बदललेली आढळतील. नवं पात्र समजून गोंधळू नका, चिन्ह जुळवा.

७. बाराव्या खंडातला चकवा

अकरावा खंड संपला की कथेत सात वर्षं जातात. नवीन पिढीच्या योद्ध्या येतात आणि त्यात ४७ व्या क्रमांकाची एक मुलगी आहे. तिचं नाव क्लॅरिस. नाव क्लेअरच्या जवळचं, क्रमांक तोच, स्वभावही सुरुवातीला बुजरा. बरेच वाचक दोन प्रकरणं तिलाच क्लेअर समजून वाचतात. फरक एका वाक्यात: क्लॅरिसचे केस तपकिरी आहेत, आणि कृष्णधवल पानावर ते इतरांपेक्षा गडद दिसतात. तिच्याबरोबर मियाता नावाची लहान मुलगी दिसली की खात्री पटेल.

इथे कागद नवा घ्या. जुन्या कागदावरचे क्रमांक आता रद्द, चिन्हं मात्र चालू.